मालकाचं नाव काय लिहू?

आत्ता रात्रीचे पावणेएक वाजलेत. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर एक मुलगा झोपलाय, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. चोवीस वर्षांचा आहे, लातूरकडचा. नाव लिहीत नाही, कारण घरी त्याने अजून काही सांगितलेलं नाही आणि त्याची आई फेसबुकवर आहे. मला झोप येणार नाही म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना सकाळी लवकर उठायचंय त्यांनी उद्या वाचा, पण वाचा.

संध्याकाळी ऑफिसातून येताना ट्रामच्या थांब्यावर उतरले. बर्लिनमध्ये या आठवड्यात रस्त्यावर काळा बर्फ आहे, दिसत नाही आणि पाय टेकला की घसरतो. माझ्यासमोर एक सायकलवाला आला, पाठीवर अ‍ॅपवरून मागवलेलं जेवण पोचवणाऱ्यांचा तो मोठा चौकोनी डबा. पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि तो डाव्या हातावर आडवा पडला. इथे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात की रूळ तिरपे ओलांडायचे. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी धावले, जर्मनमध्ये विचारलं, लागलं का. तो म्हणाला, "आई गं."

एवढंच. त्या दोन शब्दांवर मी त्याच्याशेजारी बर्फात बसले.

हँडलला सेलोटेपने चिकटवलेला त्याचा फोन वाजत होता, थांबतच नव्हता. डब्यातलं सूप रस्त्यावर वाहत होतं, वाफा निघत होत्या. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. आणि हा पोरगा मला काय म्हणतो? "काकू, तेवढं फोनवर अ‍ॅपमधलं बटण उजवीकडे सरकवता का, नाहीतर ऑर्डर लेट दाखवेल."

मग टॅक्सी, मग दवाखाना, मग चार तास बाकावर. खरी गोष्ट तिथली आहे. खिडकीतल्या बाईने नाव विचारलं, विम्याचं कार्ड घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला: काम करताना झालं का? कामावर झालं असेल तर मालकाचं नाव सांगा. जर्मनीत हे विचारतातच, कारण कामावरच्या अपघाताचं बिल वेगळ्या विम्याकडे जातं. पोरगा एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "नाही. घरी जिन्यावरून पडलो."

मी त्याच्या बाजूला उभी होते. त्याचा तो डबा माझ्या हातात होता, त्यातून सूप गळत होतं. त्या बाईने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं: जिना.

माझ्या डोक्यात सणक गेली. त्या पोरावर नाही. का ते सांगते.

१९८७ साल. आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या दाणाबंदरात माथाडी होते. मी नऊ वर्षांची. गोदामातली गोण्यांची थप्पी कलली आणि आबांच्या उजव्या पायावर आली. टोळीतल्या लोकांनी त्यांना हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आई मला घेऊन धावत पोचली तेव्हा आबा स्ट्रेचरवर होते, एका पायात चप्पल, दुसरी थप्पीखाली राहिलेली. ती एक चप्पल काढून माझ्या हातात दिली कोणीतरी. तिथल्या कारकुनानेही हाच प्रश्न विचारला होता: "मालकाचं नाव?" आणि आबा त्या वेदनेत, दात खाऊन म्हणाले, "मालक एक हाय व्हय? धा दुकानांची गोणी वाहतुया. बोर्ड लिवा."

कारकुनाने लिहिलं. किराणा बाजार मंडळ. पुढे आबा तीन महिने घरी होते, पायाची दोन बोटं गेली. मुकादम बोर्डातले पैसे आणून देत होता. आमची शाळा चुकली नाही, आईला कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

माझ्या आजोबांची कंबर १९६२ मध्ये अशीच गेली होती. शेठने वीस रुपये हातावर ठेवले आणि एसटीत बसवून साताऱ्याला पाठवलं. आजोबा उरलेलं आयुष्य ओसरीवर पडून होते. आजोबा आणि आबा यांच्यामध्ये काय घडलं होतं? १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून मोर्चे काढले, संप केले, तेव्हा सरकारने केलेला. सोपी गोष्ट होती त्यात. हमालाला एक मालक नसतो, आज या दुकानात, उद्या त्या. म्हणून कुठलाच दुकानदार मालक व्हायला तयार नव्हता, सगळे म्हणायचे, तो आमचा माणूस नाही. कायद्याने सांगितलं, ठीक आहे, सगळ्यांनी बोर्डात नोंद करा, मजुरीही बोर्डात भरा आणि वर लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, भरा. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. बोर्डावर कामगार, व्यापारी आणि सरकार, तिघांची माणसं.

हे सगळं आज रात्री त्या बाकावर बसून मला आठवत होतं. त्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर मी लिहिलं की एका मुलाला अपघात झालाय, जुनं पण गरम जॅकेट कोणाकडे असेल तर द्या, प्लास्टरवरून जाईल असं मोठं. जॅकेट आलं नाही. उत्तर आलं: "शिकायला येतात की डबे पोचवायला? आम्हीपण भांडी घासली, कुठे रडलो?" त्याला अकरा लाइक.

मला त्या अकरा जणांशी बोलायचंय. तुम्ही माझे मित्र आहात म्हणून.

तुम्ही भांडी घासलीत तेव्हा हॉटेलवाल्याने तुमची नोंद केली होती. मला माहीत आहे, कारण मी इथे पगारपत्रकं करते, एकोणीस वर्षं तेच काम आहे. जर्मनीत कोणालाही पगारावर ठेवलं की काय काय होतं ते मी रोज पडद्यावर बघते. पेन्शनचे १८.६ टक्के, निम्मे कामगाराचे, निम्मे मालकाचे. आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. आणि अपघात विमा? त्याचा एक सेंटसुद्धा कामगाराच्या पगारातून कापत नाहीत, सगळा मालकाने भरायचा. १८८४ पासून. बिस्मार्कच्या काळात कारखानदारांना धंद्याप्रमाणे मंडळांत गोळा केलं, मंडळात पैसे भरायला लावले आणि ठरवलं की यंत्रात हात गेला तर चूक कोणाची हे विचारायचं नाही, मंडळ पैसे देणार. इथे ऑफिसात पहिल्यांदा मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, अरे, हे तर आबांचं बोर्ड! माझ्या साहेबाला काही कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी हा देश थोडा आपला वाटला होता.

आणि मनगटाचं महत्त्व कळतंय का तुम्हाला? कामावरचा अपघात म्हणून नोंद झाली असती तर उपचार, व्यायाम, बुडालेल्या कमाईचे पैसे, सगळं मंडळाकडून. हात कायमचा अधू राहिला आणि कमावण्याची ताकद २० टक्के किंवा जास्त घटली तर पेन्शन. आता लिहिलंय "जिना". जिन्याला पेन्शन नसते.

तो खोटं का बोलला? कारण अ‍ॅपमधलं अकाउंट त्याचं नाही. दुसऱ्या कोणाच्या नावाचं आहे, ते तो आठवड्याच्या भाड्याने चालवतो. ज्याच्याकडून घेतलं तो एका ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर, फोटो गाडीचा. त्याच्यावर अजून एक फर्म आहे म्हणे, आणि त्याच्यावर ती रंगीत डब्याची कंपनी, जिच्या जाहिराती प्रत्येक भुयारी स्टेशनात लागल्यात. पैसे रोखीत, एका ऑर्डरमागे. पावती नाही, करारपत्र नाही. इथे किमान वेतन यंदा जानेवारीपासून ताशी १३ युरो ९० सेंट आहे. त्याला आम्ही बाकावर बसून हिशोब केला तर सहाच्या आसपास पडत होते. तो हिशोब करतानाच भाड्याच्या अकाउंटवाल्याचा मेसेज आला, "भावा, रेटिंग पडलं, या आठवड्याचं विसर." मी वाचला. पोराने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. त्याचे दिवस भरलेत का, रोखीचे दिवस कसे मोजायचे, त्याला काही कळत नाही. परदेशी लोकांचे व्हिसे बघणाऱ्या कचेरीचं पत्र येईल आणि परत जावं लागेल एवढंच डोक्यात. बापाने कर्ज काढलंय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, ११,९०४ युरो ठेवले, खासगी विद्यापीठाची फी वेगळी, आणि एजंटाने सांगितलं होतं की बर्लिनला पोचलास की काम मिळतंच. खोलीचं भाडंच साडेसहाशे. त्याची भीती खोटी आहे असं मी त्याला सांगू शकले नाही. एवढंच सांगितलं की मालकाने नोंद केली नसली तरी कामगाराला हा अपघात विमा लागू असतो, तो कायदाच तसा आहे. त्याने विचारलं, "पण काकू, मालकाचं नाव काय लिहू?"

आबांकडे उत्तर होतं. या पोराकडे नाही, आणि हे २०२६ साल आहे, आणि हा युरोप आहे.

मला राग येतो तो याचा. हा देश करू शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. करोनात एप्रिल २०२० मध्ये जवळजवळ साठ लाख लोक इथे कमी तासांवर होते, ज्याला कुर्झआर्बाइट म्हणतात. काम नाही तर काढून टाकू नका, तास कमी करा, बुडालेल्या निव्वळ पगाराचे साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के सरकारी रोजगार विम्यातून. मी रात्री रात्री बसून ती पत्रकं केली. एका बेकरीतली पन्नाशीची बाई फोनवर रडली, मला वाटलं पैसे कमी आले म्हणून. ती म्हणाली, नोकरी राहिली म्हणून. तेव्हा मी आबांना फोन करून सांगितलं होतं. आबा म्हणाले, "बोर्ड चांगलं हाय तुमचं."

पण त्या बोर्डाच्या आत असेल त्याला चांगलं. दाराबाहेर ठेकेदार उभा केला की सगळं संपतं.

आणि हे बंद करता येत नाही असं मला कोणी सांगू नका. जून २०२० मध्ये इथल्या एका मोठ्या कत्तलखान्यात दीड हजारावर कामगारांना करोना झाला. बहुतेक पूर्व युरोपातून आलेले, ठेकेदारांनी आणलेले, खुराड्यासारख्या खोल्यांत ठेवलेले. वर्षानुवर्षं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रोग गावात पसरायची वेळ आली तेव्हा सहा महिन्यांत कायदा झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून मांसउद्योगात कापणीचं काम ठेक्याने द्यायला बंदी आली. कंपनीने माणूस स्वतःच्या पटावर घ्यायचा. उद्योगवाले म्हणत होते, आम्ही बुडू. दुकानात मांस मिळायचं थांबलेलं नाही. मग डुक्कर कापणारा कंपनीचा माणूस होऊ शकतो, तर त्याच मांसाचं सूप पोचवणारा का होऊ शकत नाही?

युरोपीय संघाने कायदा केलाय, हे मान्य करते. अ‍ॅपवर चालणाऱ्या कामांचा निर्देश, २०२४ चा. प्रत्येक देशाने तो आपल्या कायद्यात आणायची मुदत यंदा २ डिसेंबर. त्यातलं मुख्य कलम आबांना लगेच कळलं असतं. कंपनी जर माणसाला सांगत असेल कधी, कुठे, कसं काम कर, तर तो नोकर आहे असं धरून चालायचं, आणि नोकर नाही हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. आजवर उलटं होतं, पायात चप्पल नसलेल्याने कोर्टात जाऊन सिद्ध करायचं की मी नोकर आहे. शिवाय नुसत्या संगणकाने माणसाचं अकाउंट कायमचं बंद करायचं नाही, निर्णय माणसाने घ्यायचा. मधल्या ठेकेदाराकडून काम करणाऱ्यालाही तेच संरक्षण द्यायचं, असंही त्यात आहे. संघाचाच अंदाज होता की असं अ‍ॅपवर काम करणारे युरोपात २ कोटी ८० लाख लोक आहेत. स्पेनने तर २०२१ मध्येच, कोणाची वाट न बघता, जेवण पोचवणाऱ्यांना नोकर मानणारा कायदा केला.

आणि मार्च २०२४ मध्ये यावर मंत्र्यांच्या बैठकीत हात वर करायची वेळ आली तेव्हा जर्मनी तटस्थ राहिला. फ्रान्सनेही साथ दिली नाही. शेवटी ग्रीस आणि एस्टोनियाने मन बदललं म्हणून तो निर्देश वाचला. बिस्मार्कचा देश, १८८४ चा देश, तटस्थ! कारण तेव्हाच्या सरकारी आघाडीतल्या एका पक्षाला उद्योगांवर ओझं नको होतं. मी इथली नागरिक आहे, मत देते, कर भरते. मला लाज वाटली होती तेव्हा, आज पुन्हा वाटली.

हो, मला माहीत आहे काही मुलांना हे काम सोयीचं पडतं, लेक्चर संपलं की दोन तास सायकल. पडू दे की. दोन तासांचीही नोंद होते, मी रोज करते.

हो, सूप महाग होईल. होऊ दे.

आणि हो, माथाडीच्या नावावर आपल्याकडे खंडणी उकळणारेही निघाले, बोगस संघटना निघाल्या, हे लिहिण्याआधी कमेंटमध्ये कोणीतरी टाकणारच, म्हणून मीच टाकते. निघाले. त्यांना पकडा. त्यामुळे आबांच्या पायाचे पैसे खोटे होत नाहीत.

थोडं थांबून पाणी पिऊन आले. पोरगा झोपेत कण्हतोय, गोळी दिलीय. जेवायला मऊ भात आणि मेतकूट दिलं, एका हाताने खाता येईल असं. दोनदा घेतला. मग म्हणाला, "काकू, तुमच्याकडे काही काम असेल तर सांगा, उजवा हात चांगलाय." मी जरा ओरडलेच त्याच्यावर. मग वाईट वाटलं. आबाही तिसऱ्या आठवड्यात कुबडी घेऊन बाजारात गेले होते, "नुसता बसून खातुया" म्हणत, आणि मुकादमाने त्यांना परत पाठवलं होतं, तुझी हजेरी बोर्डात बघतायत, गप घरी बस म्हणून. परत पाठवणारं कोणीतरी असावं लागतं. याला अकाउंटवाल्याने आठ वाजता विचारलंय, उद्या येतोस का.

ज्या मित्राने ग्रुपवर ते लिहिलं त्याच्यावर मी मघाशी जास्त चिडले. तो वाईट माणूस नाही. त्याने खरंच भांडी घासलीत, २००९ मध्ये, हॅम्बुर्गला, मी त्याचे फुटलेले हात पाहिलेत. पण दादा, तुझा मालक एक तुर्की काका होता, तो तुला रात्री उरलेलं जेवण बांधून द्यायचा आणि तुझी पगारपत्रकं तू अजून फाइलमध्ये ठेवलीयस, तूच मला दाखवलीस. पेन्शनच्या खात्यात ते महिने मोजलेत. या पोराचे अकरा महिने कुठेच मोजलेले नाहीत. बर्लिनमध्ये ते घडलेच नाहीत असं कागद सांगतात.

तुझ्या मुलीचा पिझ्झा परवा ज्याने आणला तोही असाच कोणी असेल. तिला त्याचं नाव अ‍ॅपवर दिसलं असेल, आणि ते नाव त्याचं नसेल.

आता ठरलंय ते सांगते. उद्या मी सुट्टी टाकलीय. स्थलांतरित कामगारांना फुकट सल्ला देणारं केंद्र आहे इथे, इंग्रजीतही बोलतात, सकाळी तिथे जायचं. आधी व्हिसाचं विचारायचं, त्याच्या जिवाला त्याचाच घोर आहे, आणि ते म्हणतील तसंच पुढे. ते हो म्हणाले तर दवाखान्यात जाऊन "जिना" खोडून घ्यायचा आणि अपघात विमा मंडळाला स्वतःहून कळवायचं. मी साक्षीदार आहे. ट्रामच्या थांब्यावर अजून दोन माणसं होती, त्यातल्या एका आजींचा नंबर मी घेतलाय. फोनवरचे सगळे मेसेज, ऑर्डरींचे फोटो, रोख दिल्याच्या तारखा, आम्ही रात्री बसून एका वहीत उतरवल्यात. डबा मी धुतलेला नाही.

मालकाच्या रकान्यात काय लिहायचं तेही ठरलंय. तिन्ही लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, मधल्या फर्मचं नाव आणि डब्यावर छापलंय ते मोठं नाव. कोणी नाही म्हणायचं ते त्यांनी तिघांनी आपसात ठरवावं.

जॅकेट अजून हवंय. साइज एक्सएल, बाही सैल. बर्लिनच्या वेडिंग भागात कोणीही आणून दिलं तरी चालेल, किंवा मी येऊन घेऊन जाईन.